रोल नंबर एकतीस

“ताई, ह्याच्यावर कधी कोणी मेलंय का?” तोंड माझं होतं, पण प्रश्न आमच्या ग्रुपचा. नववीची परीक्षा संपली होती, दहावीचे सुट्टीतले वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस होते, आणि अस्मिता आणि मी तिच्या आनंदीआत्याच्या गाडीतून तीन दिवसांत तीन पार्कांतले रोलर कोस्टर करणार, हे कळल्यावर ग्रुपवरच्या पोरींचा जो काही जळफळाट झाला त्यातून ही पैज निघाली. प्रत्येक पार्कात, रांगेत सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात पट्टा लावणाऱ्या माणसाला हे विचारायचं आणि रेकॉर्ड करून पाठवायचं. निकिता करेल, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. निकिता म्हणजे मी. हल्ली असलं सगळं निकिताच करते. वक्तृत्वाच्या आंतरशालेय स्पर्धेत पहिली निकिता, गॅदरिंगला मुख्याध्यापकांपासून शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांच्या नकला करून हॉल डोक्यावर घेणारी निकिता, पुढच्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून जिचं नाव शिक्षकांच्या खोलीत जवळजवळ पक्कं झालंय ती निकिता. सातवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मलाही वाटतं. जुन्या फोटोतली ती मुलगी पाहिली की वाटतं, हिच्या घशात नक्की काय अडकलं होतं, आणि ते निघालं कधी. कधी निघालं ते मला माहीत आहे, म्हणून मी फोटो पाहत नाही.

आनंदीआत्या शनिवार पेठेत राहते, बँकेतून वेळेआधी निवृत्त झाली आहे आणि रोलर कोस्टर हे तिचं व्यसन आहे. लोक देवळं करतात तशी ती कोस्टर करते. एका निळ्या वहीत प्रत्येकाचं नाव, उंची, किती उलट्या वळणांचा, आणि शेवटी ‘पोटातला गोळा’ ह्या सदराखाली दहापैकी गुण. पहिल्या दिवशी सोलापूर रस्त्यावरच्या पार्काला तिने तीन दिले, तेही पार्किंगला सावली होती म्हणून. तिथल्या माणसाने माझ्या प्रश्नावर दात काढले आणि म्हणाला, आधी बसा तर, मग सांगतो. दुसऱ्या दिवशी सातारा रस्त्यावरच्या पार्कात सुपरवायझरने मला नुसता विम्याचा बोर्ड दाखवला. दोन्ही रेकॉर्डिंगवर ग्रुपमध्ये हसून हसून पोरी लोळल्या. आत्या गाडी चालवता चालवता म्हणाली, “पुढच्या वेळी दवाखान्यात जा आणि विचार, कुठल्या खाटेवर माणूस हमखास जातो. तिथेही लोकांना फार आवडेल.” अस्मिता खिदळली. मीही. गाडीत चकल्या होत्या, खिडकीतून गरम वारा येत होता, पुढच्या सीटवर पाय घेऊन बसलं तरी आत्या बोलत नव्हती, आणि मला खरंच वाटत होतं की जगात मला न जमणारं असं काही उरलेलं नाही.

तिसरं पार्क घाटाखाली होतं. आत्याच्या वहीत त्याचं नाव नवं होतं, मालक बदलला म्हणे, त्यामुळे पोहोचेपर्यंत मला पत्ता नव्हता. घाट उतरल्यावर गाडी डावीकडे वळली आणि समोर अळंबीच्या आकाराची ती पाण्याची टाकी आली. रंग बदललेला, लालची निळी झालेली. तरी मी ती लगेच ओळखली. अस्मिता विचारत होती की सनस्क्रीन कुठे ठेवलंय. ती आमच्या शाळेत आठवीत आली, त्यामुळे सातवीच्या सहलीचं तिला काही माहीत नाही. असेलच तर एक गोष्ट म्हणून, जशी प्रत्येक शाळेत असते, की एकदा एका बाईंनी एका मुलीला पार्कात विसरून बस आणली होती. मी तिला सनस्क्रीन काढून दिलं. सांगता आलं असतं. पोट दुखतंय म्हणून गाडीत बसून राहता आलं असतं. पण निकिताचं पोट दुखत नाही, आणि ग्रुपवर सकाळपासून पाच जणींनी विचारलं होतं, तिसरं कधी. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. काय, ते कळत नव्हतं. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तसं मन त्या पार्काकडे जात होतं, आणि गाडी आपसूक नेत होती.

तर मी विचारलं. आत्या आधीच एक फेरी मारून वळणं मोजायला पलीकडच्या कठड्याशी गेली होती. पट्टे लावायला इथे एक बाई होत्या, चाळिशीच्या, खाकी शर्ट साडीवरच घातलेला, खिशावर ‘शालन’ लिहिलेली पट्टी. रांग मोठी नव्हती. मागच्या कॉलेजच्या मुलांनी माझा प्रश्न ऐकून शिट्टी मारली. शालनताईंना राग आला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरचा दांडा खाली ओढून खट्‌ करून बसवला, दोनदा हलवून पाहिला, आणि म्हणाल्या, “मेलं न्हाई कुनी. पन एक पोरगी ऱ्हायली हुती इथं.”

फोन माझ्या हातात होता, रेकॉर्डिंग चालू. अस्मिताने विचारलं, राहिली म्हणजे. मी विचारलं नाही.

“पुन्याच्या शाळंची सहल आलती. पोरगी त्या कप्प्यात स्वेटर इसरली म्हनून माघारी आली, तवर बस गेली. रडली न्हाई हो. मलाच धीर देत हुती. म्हनली, मावशी, आमच्या मॅडम बसमदी नंबर पुकारत्यात. माझा नंबर आला की कुनी बोलनार न्हाई, मग त्यांला कळंल, आन त्या माघारी येत्याल. त्या पायरीवर बसून मोजायला लागली. आता धा झालं असत्याल. आता वीस. आता तीस. मग थांबली आन गेटाकडं बघत बसली. कुनी येईना, तवा परत एकापासनं मोजाय लागली.” त्या पुढच्या सीटकडे सरकल्या. “लई येळा मोजलं तिनं. म्हनायची, मॅडम हळू पुकारत असत्याल.”

फोन आत ठेवायला सांगितला त्यांनी. ठेवला. गाडी हलली.

आम्ही वर चढायला लागलो. तो चढ हळू असतो, खाली साखळी दात खात असल्यासारखी कटकट करत असते, आणि डोळ्यांसमोर आभाळाशिवाय काही नसतं, त्यामुळे विचार करायला नको तितका वेळ मिळतो. मी त्या पायरीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. साधी सिमेंटची पायरी, कडेला पिवळा पट्टा. वैष्णवी तिथे बसली होती. वैष्णवी, रोल नंबर एकतीस, नाकात बोलायची, दोन वेण्या, डब्यात रोज लिंबाचं लोणचं. माझी ती खास मैत्रीण नव्हती, पण मला तिचा आवाज यायचा. मला तेव्हाही सगळ्यांचे आवाज यायचे, फक्त कुणाला ते माहीत नव्हतं, बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून मी ते काढायचे. त्या दिवशी आमच्या दोन बस होत्या, आमची अ तुकडीची आणि मागे ब तुकडीची. वैष्णवीचा जीव ब तुकडीतल्या मुलींत. येतानाही ती गुपचूप त्यांच्या बसमध्ये बसून आली होती आणि शर्मिला मॅडमनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, पुन्हा असं केलंस तर वडिलांना बोलवीन. परतताना बस सुटायच्या आधी मॅडम नंबर पुकारायला लागल्या. सव्वीस, हजर. सत्तावीस, हजर. बाहेर दिवस कलला होता, सगळ्यांना झोपा येत होत्या, कुणीतरी ओकलं होतं त्याचा वास. मी मागे वळून पाहिलं, एकतीसची जागा रिकामी. मला शंभर टक्के वाटलं, ही परत ब तुकडीच्या बसमध्ये. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चारचौघांत काहीतरी करावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, एकतीस. मी मान खाली घालून नाकातून म्हटलं, हजर मॅडम. हुबेहूब. शेजारची शिवानी तोंडावर हात दाबून हसली. मॅडमनी वहीत टिक केली. मला आठवतंय, मला फार म्हणजे फारच छान वाटलं होतं. एका मुलीला बोलणी खाण्यापासून वाचवलं, आणि माझ्यात काहीतरी आहे हे एका माणसाला कळलं. घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, हजर मॅडम, हजर मॅडम, आणि प्रत्येक वेळी ते जास्त छान येत होतं. ती तिकडे पायरीवर बोटं मोजत होती तेव्हा. ती तीसवर थांबायची, कारण एकतीसला शांतता होणार होती. तिने सगळा भरवसा त्या शांततेवर ठेवला होता, आणि ती शांतता मी भरून टाकली होती.

साखळी थांबली. वर एक क्षण असतो, आत्या त्याला ‘सही करायच्या आधीचा क्षण’ म्हणते. मग जमीन गेली. सगळे किंचाळले. अस्मिता माझ्या कानात किंचाळली, मागचे कॉलेजवाले, पुढच्या सीटवरचं नवं लग्न झालेलं जोडपं. मीही तोंड उघडलं, कारण मी सगळ्यांत मोठ्याने ओरडते, ते माझं काम आहे. आणि माझ्या तोंडातून किंकाळी आलीच नाही. वाऱ्याने गाल मागे ओढले होते, पोट गळ्याशी आलं होतं, आणि त्या सगळ्यातून नाकातला, सातवीतला, बारीक आवाज निघाला. हजर. मी काढला नव्हता. मी शपथेवर सांगते, मी काढला नव्हता. दुसऱ्या वळणाला दात घट्ट मिटून घेतले तरी तो आतून येत होता, उलटं झाल्यावर डोक्यात जमा होत होता, आणि मला वाटलं, आता मला दुसरा आवाजच उरलेला नाही. ज्या आवाजाने मी स्पर्धा जिंकते, ज्याने फोनवर भांडते, तो सगळा ह्याच्यावर घातलेला रंग आहे, त्या टाकीसारखा. गाडी फलाटाला लागली. शालनताईंनी दांडा उचलला आणि माझ्याकडे पाहून पाणी पी म्हणाल्या. अस्मिताने विचारलं, तू काय ओरडत होतीस गं. मी म्हटलं, काही नाही, असंच.

मी शालनताईंना एकच विचारलं. मग कोण आलं तिला न्यायला.

“त्या मॅडमच आल्या की. दीड तासानं. अनवानी पळत आल्या गेटापासनं. पोरीला धरून ह्याच पायरीवर बसल्या आन त्याच रडाय लागल्या. पोरगी त्यांला म्हनती, मॅडम, तुमी एकतीस म्हनाला न्हवता का.” त्यांनी पुढच्या रांगेचा दोर काढला. “काय म्हनल्या कुनास ठाऊक त्या मॅडम.”

अनवाणी, ते मला माहीत होतं. घाट चढून गेल्यावर पार्कातून मॅडमच्या मोबाइलवर फोन आला, तेव्हा पाय सुजले म्हणून त्यांनी चपला काढून सीटखाली सरकवल्या होत्या. फोन ऐकता ऐकता त्या उठल्या, बस थांबवली आणि तशाच उतरल्या, समोरून येणाऱ्या टेम्पोला हात केला. चपला पुण्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या. शाळेसमोर बस रिकामी झाली तेव्हा सगळ्या मुली त्या चपला ओलांडून उतरल्या.

परतीच्या रस्त्यावर आत्याने वहीत आठ गुण लिहिले आणि म्हणाली की सरळ उतारापेक्षा शेवटचं वळण जास्त कावेबाज आहे. मी खिडकीला डोकं टेकवून होते. ग्रुपवर रेकॉर्डिंग पाठवलं नाही, पोरी विचारत होत्या, नेटवर्क नाही म्हणाले. नंतरचा भाग मला क्रमाने कधी आठवत नाही, तो तुकड्यांत येतो. मुख्याध्यापक वर्गात येऊन म्हणाले, एकतीस नंबरला कुणी उत्तर दिलं असेल तर उभं राहा, कुणी काही म्हणणार नाही. पंख्याचा आवाज. माझ्या मांड्या बाकाला चिकटलेल्या. शिवानीने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. मग पालकांची सभा, तिथे मॅडम म्हणाल्या, मी नंबर पुकारला होता, आवाज आला होता. मागून कुणी पालक म्हणाले, भुताचा का. लोक हसले. आणि मग माझे पप्पा उठले. पप्पा पाटबंधारे खात्यात आहेत, आमच्या वसाहतीत कुणाला काहीही लिहायचं असलं की त्यांच्याकडे येतात. नळाचं असो, जातपडताळणीचं असो, अर्ज पप्पांचा. ते सभेत म्हणाले, आवाज ऐकणे म्हणजे हजेरी नव्हे, डोकी मोजायला हवी होती, जबाबदारी निश्चित करा. खरं होतं ते. टाळ्या पडल्या. निवेदन त्यांनीच लिहिलं, तीन खर्डे केले, चहा घेत आईला मोठ्याने वाचून दाखवले. पप्पांचं अक्षर जरा तिरकं आहे. माझं चांगलं. त्यामुळे स्वच्छ प्रत मी लिहून काढली, रेघा मारलेल्या कागदावर, समास सोडून. ‘हजेरी न घेताच खोटी नोंद केली.’ हे वाक्य माझ्या हाताने लिहिलेलं आहे. खाली अडतीस पालकांच्या सह्या. शर्मिला मॅडम कायम नव्हत्या, दरवर्षी करार व्हायचा. जूनमध्ये झाला नाही. वैष्णवीही जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेली. जायच्या आधी एकदा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली, नुसती उभी राहिली, लोणचं हवंय का म्हणाली. मी नको म्हटलं.

त्यानंतर मला आवाज फुटला. आठवीत मी एकदम बोलायला लागले, सगळे म्हणाले पोर खुलली. मला वाटतं, गप्प राहिले असते तर आतलं ऐकू आलं असतं, म्हणून मी बोलत सुटले. रविवारी आमच्याकडे बुद्धवंदना होते, आवाज चांगला म्हणून मी सांगते आणि आईपप्पा मागून म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की मला ठसका लागतो. आई दर वेळी पाण्याचा तांब्या आधीच जवळ ठेवते, माझ्या घशाला धुळीचा त्रास आहे असं तिने डॉक्टरांनाही सांगितलंय. आणि गेल्या ऑगस्टमध्ये गणिताचं गाइड आणायला बुधवार पेठेत गेले, अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत एका दुकानात काउंटरपलीकडे शर्मिला मॅडम. दुकानाचा निळा कोट, हातात सुतळी. त्यांनी गाइड काढलं, बिल केलं, पुडा बांधला. मला वाटलं ओळखलं नाही. पुडा हातात देताना म्हणाल्या, “नकला अजून करतेस का गं?” आवाजात काही नव्हतं, राग नव्हता, वर्गात विचारायच्या तसं, गृहपाठ केलास का गं. मी हो म्हटलं. त्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यानंतर मी बुधवारात पाऊल टाकलेलं नाही, पुस्तकं ऑनलाइन मागवते, पप्पा म्हणतात पोरगी मॉडर्न झाली. म्हणजे मॅडमना माहीत होतं. कधीपासून, ते मला विचारता आलं नाही. सभेत उभ्या असतानाच माहीत असेल तर. मुख्याध्यापक विचारत होते आणि पंखा फिरत होता तेव्हाही, वर्गाच्या पुढच्या दारात उभ्या राहून, आम्हा सगळ्यांकडे पाहत. सातवीतल्या मुलीचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असेल तर.

आत्याने मला स्वारगेटला सोडलं. खिडकी खाली करून म्हणाली, “तू तीन तास गप्प होतीस. आजारी आहेस, का सुधारलीस?” मी म्हटलं, बघू. अस्मिताने डोळे बारीक केले, रात्री फोन कर म्हणाली. वसाहतीच्या जिन्यात मी वाक्यं तयार करत होते, स्पर्धेला करते तशी, सुरुवात, मुद्दे, समारोप, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळी नकली वाटायला लागली.

आई भाजी निवडत होती, पप्पा पंख्याखाली पेपर घेऊन. कसं होतं पार्क, पडलीस का कुठे, खाल्लंस का, असं दोघांचं चालू असतानाच मी चपला न काढता सांगायला लागले. सुरुवात समारोप काही नाही, मधूनच. बस, नंबर, नाक, हजर. एकदा तो आवाज काढूनही दाखवला, म्हणजे निघाला तो. आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. पप्पांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी. ते इतकंच म्हणाले की प्रत तू लिहिलीस. मी हो म्हटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. तीन खर्डे केले मी, म्हणाले. आई आधी चिडली, मग समजावायला लागली, तिचं सगळं बरोबरच होतं. बोर्डाचं वर्ष, प्रतिनिधीपद, लहान होतीस तेव्हा. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दुसऱ्या कुणाच्या मुलीने केलं तर खोडी म्हणतील. आपल्या मुलीने केलं तर काय म्हणतात, तुला माहीत नाही अजून.” पप्पांनी मान वर केली. ते म्हणाले, दहावी होऊ दे, मग आपण नीट मार्ग काढू, मी मॅडमना भेटतो, तुझं नाव मध्ये न आणता. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सगळ्यांना सांगायचं ठरलं तर त्यांना त्या अडतीस घरांच्या पायऱ्या चढाव्या लागतील हे मला दिसत होतं, त्यांनाही.

मला रडू येत होतं पण आवाज स्वच्छ होता.

“उद्या दुकान उघडलं की मी मॅडमना भेटायला बुधवार पेठेत जाणार आहे,” मी म्हटलं. “त्यांची हरकत नसेल तर परवा शाळेत. सगळं लिहून देणार, माझ्या नावाने, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांनाही वाचून दाखवणार. पप्पा, तुम्ही बरोबर आलात तर मला बरं वाटेल. पण बोलणार मी.”